मुका रेडिओ बोलू लागतो!

अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे गॅरेजं पुष्कळ. तिथं एखादी जुनी फियाट दिसली, तर डॅशबोर्डमध्ये डोकावून पाहा. गोल बटणांचा रेडिओ असेल, पण मुका! लगेच 'टाका काढून' म्हणू नका हं.

आधी फ्यूज बघायचा, मग अर्थिंग. रेडिओतून वीज गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परतते. पत्र्याला गंज चढला, की वाट बंद! बॅटरीची तार मेकॅनिककाकांनी सोडवावी. मग पत्रा घासून स्क्रू आवळला, की कित्येकदा तेवढ्यानंच काम फत्ते.

नुसती खरखर येतेय? बऱ्याच सेटांत एरियलच्या खाचेजवळ ट्रिमर नावाचा इवलासा स्क्रू असतो. १४०० किलोहर्ट्‌झच्या आसपासचं एखादं क्षीण स्टेशन लावायचं आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो अगदी हळू फिरवायचा.

नाशिक आकाशवाणी मात्र इथं शोधू नका! ती एफ.एम.वर, १०१.४ मेगाहर्ट्‌झला, हे जुने रेडिओ बहुधा मध्यमलहरीच ओळखतात. त्या लहरी रात्री वातावरणाच्या उंच थरावरून परत फिरतात आणि दूर पोचतात. म्हणून आईबाबांना घेऊन रात्रीच बसा गाडीत. कुठलं गाव बोलतंय, ओळखा पाहू!