तीन मिनिटांची तबकडी आणि आयतं गाणं

यंत्र आणि स्वर : लेखांक ५

चार ओळींचं वर्णन टंकलं की मिनिटभरात गाणं हातात ठेवणाऱ्या यंत्रणा आतून कशा चालतात, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. त्यानंतर साहजिकच विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, यंत्राला खरंच सर्जन जमतं का? हा प्रश्न मी आज बाजूला ठेवणार आहे, कारण त्याचं उत्तर दर वर्षी बदलतं आणि त्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची पंचाईत होते. ‘आमचं रागसंगीत यंत्राला कधीच कळणार नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पण भूप आणि देशकार या दोन रागांचंच पाहा. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवताला धरून उत्तरांगात रमतो. शिकाऊ गायकाचा पाय इथे हमखास घसरतो. आयआयटी मुंबईत झालेल्या संशोधनाने दाखवून दिलं आहे की कोणता स्वर नेमका किती उंचीवर लागतो, त्यावर किती वेळ थांबलं जातं, कोणत्या स्वरसंगतीतून तो येतो, हे मोजून असे जुळे राग संगणकालाही वेगळे काढता येतात. तेव्हा उद्या एखाद्या यंत्राने बरा भूप गायला तर नवल वाटून घ्यायचं कारण नाही. मला विचारायचंय ते वेगळंच : हे साधन हाताशी आल्यावर गाणं रचणाऱ्या माणसाच्या रचण्यात काय बदल होतो? त्याचं उत्तर शोधायचं तर आधीच्या साधनांनी काय केलं, ते नीट पाहावं लागेल.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आले आणि गौहरजान यांचं गाणं मेणाच्या तबकडीवर कोरलं गेलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन, आवाज चढवून गायचं आणि सुमारे तीन मिनिटांत सगळं संपवायचं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या तंत्रज्ञांना गायिका कोण ते कळावं म्हणून शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायचं. तासभर ख्याल फुलवणाऱ्या परंपरेला ही अट जाचकच होती. बऱ्याच गवयांनी तबकडीकडे पाठ फिरवली. ज्यांनी ती स्वीकारली त्यांना मात्र कधी कुणाला न पडलेला प्रश्न सोडवावा लागला : आलापीला उसंत नाही, विस्ताराला जागा नाही, तर रागाची ओळख पहिल्या चार स्वरांत पटवायची कशी? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आजही शिकण्यासाठी ऐकल्या जातात, त्या या प्रश्नाच्या उत्तरासाठी. काय गायचं याहून काय गाळायचं हे ठरवणं तिथे अवघड होतं, आणि ते त्यांनी स्वतः ठरवलं.

मराठी माणसाला तर याचा पुरावा घरातच आहे. भावगीत हा आपला लाडका प्रकार तबकडी आणि मायक्रोफोन यांच्याशिवाय आज आहे त्या रूपात आलाच नसता. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि हळुवार आवाजालाही टिपता येऊ लागलं. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी लावावा लागणारा आवाज आता सक्तीचा राहिला नाही. त्याच काळात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायली. पुढे गजाननराव वाटवे आले. कवितेचा भाव, दोन-तीन कडवी, मोजका वाद्यमेळ, आणि तीन मिनिटांत एक पूर्ण अनुभव : तबकडीची लांबी हीच या प्रकाराची चौकट झाली. वीसेक वर्षांनी ‘गीतरामायणा’ने दुसरी चौकट घेतली, ती आकाशवाणीच्या वेळापत्रकाची. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर दर आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन्न गीतं. गदिमांना लिहायला आणि सुधीर फडक्यांना चाल बांधायला मुदत पुढच्या प्रक्षेपणापर्यंतची. ही घाई नसती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण प्रत्येक प्रसंग स्वतंत्र उभा राहील आणि तरी मालिकेत बसेल, ही त्याची घडण साप्ताहिक कार्यक्रमाच्या गरजेतून आली, हे स्पष्ट दिसतं.

पेटीची कथा याहून बोलकी. युरोपातून आलेलं हे वाद्य. स्वर पट्ट्यांत बांधलेले, मींड नाही, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाही. या कारणांसाठी १९४० मध्ये आकाशवाणीवर तिला बंदी झाली आणि ती उठू लागायला १९७१ साल उजाडलं. आक्षेप खोटे नव्हते. पण त्या तीस वर्षांतही पेटीवाल्यांनी हात आखडले नाहीत. पट्टीवर बोट किती दाबायचं, भात्याचा दाब कधी सोडायचा, दोन स्वर क्षणभर एकमेकांत कसे मिसळायचे, यातून मींडेचा आभास उभा करणारी वादनशैली घडली. गोविंदराव टेंबे यांच्यापासून गोव्यात जन्मलेल्या तुळशीदास बोरकरांपर्यंत ही परंपरा पाहिली तर वाद्याचा दोष हाच तिच्या कल्पकतेचा झरा होता, असं म्हणावं लागतं. डॉ. विद्याधर ओक यांनी तर थेट बावीस श्रुतींची पेटी तयार करून त्या आक्षेपालाच हात घातला.

या सगळ्या साधनांत एक गोष्ट समान होती. प्रत्येक साधनाने काहीतरी दिलं आणि त्याबरोबर एक अडचणही पुढ्यात ठेवली. अडचण सगळ्यांना सारखी. तिच्यातून काढलेली वाट मात्र ज्याची त्याची. शैली ज्याला म्हणतो ती बहुतांशी या वाटेवरच तयार झाली. आता नव्या यंत्राकडे वळू. मेटा कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या म्युझिकजेनची रचना उघड प्रसिद्ध झालेली असल्याने तिचं उदाहरण सोयीचं. त्यात आवाजाच्या प्रत्येक सेकंदाचे पन्नास तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा चार सांकेतिक आकड्यांनी दाखवतात. म्हणजे सेकंदाला दोनशे आकडे. परवान्याने मिळवलेल्या सुमारे वीस हजार तासांच्या संगीतातून यंत्र एवढंच शिकतं, की अमुक आकड्यांमागून बहुधा कोणता आकडा येतो. ‘बहुधा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आजवर जे पुष्कळदा झालं त्याच्या आसपासचं काहीतरी यंत्र देतं. त्यातून गोड, नीटस, कुठेही न खटकणारं गाणं निघतं. ते मागणाऱ्याच्या वाट्याला अडचण म्हणून काही येत नाही. नाही आवडलं तर पुन्हा कळ दाबायची. तीन मिनिटांत राग कसा बसवायचा, हा पेच त्याला पडतच नाही, कारण पेच सुटलेल्या हजारो गाण्यांची सरासरी त्याच्यासमोर आयती येते.

यावर एक भारदस्त आक्षेप घेतला जातो. निवड करणं हेही सर्जनच नव्हे का? दिग्दर्शक संगीतकाराने ऐकवलेल्या दहा चालींतून एक निवडतो, अमेरिकेतल्या हिपहॉपवाल्यांनी जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडून एक अख्खं नवं संगीत उभं केलं, आणि ए. आर. रहमान यांनी संगणक आणि कीबोर्ड घेऊन १९९२ च्या ‘रोजा’पासून भारतीय चित्रपटसंगीताचा नादच बदलून टाकला. हे सगळं मला मान्य आहे. पण रहमान यांचंच उदाहरण पुढे नेऊन पाहा. ‘रोजा’च्या आधी शाळकरी वयापासून ते दुसऱ्या संगीतकारांकडे कीबोर्ड वाजवत होते. दुसऱ्याची चाल, दुसऱ्याची स्वररचना, कोणता वाक्यखंड कुठे बसतो आणि का बसत नाही, हे बोटांना कळण्याइतकी वर्षं त्यांनी त्या कामात घालवली. त्यांच्या कानाने केलेली निवड या मुशीतून आली. निवडीचं मोल निवडणाऱ्याच्या कानावर ठरतं, आणि कान तयार होतो तो स्वतः करून पाहिल्याने, चुकल्याने, सुधारल्याने. जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडणाऱ्यांनाही ते हातांनीच कापावे आणि लयीत बसवावे लागत होते. तेव्हा आक्षेप निवडीवर नाही. निवड करू शकणारा माणूस पुढे कुठे घडणार, ही काळजी आहे.

ही काळजी मोघम नाही. मुंबईत ती एकदा प्रत्यक्षात उतरून गेली आहे. चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात ध्वनिमुद्रणाला पन्नास-साठ वादक एका दालनात बसून एकत्र वाजवायचे. त्यांतले कितीतरी गोव्याचे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. ती विद्या घेऊन ही मंडळी मुंबईला आली. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी, आणि सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहीत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतली व्हायोलिनची लाट या लेखणीतून आलेली आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा प्रयोग केला. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला प्यारेलाल झाला. म्हणजे ते दालन नुसतं रोजीरोटीचं ठिकाण नव्हतं. मागच्या रांगेत बसलेला पोरगा पुढच्या रांगेतल्याचं ऐकून शिकत होता, आणि त्या शिकण्याचे त्याला पैसे मिळत होते. मग सिंथेसायझर आला, एकेक वाद्य वेगवेगळं मुद्रित करता येऊ लागलं, आणि १९९० च्या दशकात ही मोठी वाद्यवृंदाची पद्धत मोडली. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखतींवरून लिहिलेल्या २००८ च्या पुस्तकात हा सगळा काळ तपशिलाने आला आहे. काम गेल्याचं दुःख लोकांनी ओळखलं. शाळा बंद पडली, हे मात्र फार थोड्यांनी. आज जाहिरातीची धून, मालिकेचं पार्श्वसंगीत, लग्नाच्या चित्रफितीमागचं गाणं ही तरुण संगीतकाराची पहिली पायरी आहे, आणि यंत्र सर्वांत आधी तीच पायरी काढून घेतं. मैफल गाजवणाऱ्या कलाकाराला यंत्राची धास्ती नाही. त्याच्या जागी वीस वर्षांनी बसणाऱ्याला आहे.

दुसरा आक्षेप समतेचा, आणि तो माझ्या मनाला अधिक भिडतो. ज्याला गुरू मिळाला नाही, वाद्य परवडलं नाही, ज्याच्या जातीला किंवा गावाला संगीताची दारं बंद राहिली, त्याला पहिल्यांदाच मनातलं गाणं ऐकता येत असेल तर आपण आडवं कोण यायचं? ज्यांच्यासाठी ती दारं कायम उघडी होती त्यांनी इथे बोलताना जपून बोलावं. तरी जे घडतं आहे त्याचे आकडे पाहिले पाहिजेत. डीझर या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या फ्रेंच कंपनीकडे जानेवारी २०२५ मध्ये रोज सुमारे दहा हजार पूर्णपणे यंत्रनिर्मित गाणी येत होती. नोव्हेंबरपर्यंत ती पन्नास हजारांवर गेली, म्हणजे रोज येणाऱ्या गाण्यांच्या एक तृतीयांश. ऐकली जाण्यात त्यांचा वाटा मात्र जेमतेम अर्धा टक्का, आणि त्यातलंही बहुतेक ऐकणं पैशांसाठी केलेलं बनावट, असं कंपनीचंच म्हणणं. दारं उघडली म्हणताना दाराबाहेर एवढी गर्दी झाली आहे, की खेड्यातल्या त्या मुलाने स्वतः बांधलेली चालही तिच्यात दबून जाईल. त्याला मोबाइलवर स्वस्तात ध्वनिमुद्रण करता येऊ लागलं, त्या बदलाने त्याच्या गळ्याला वाव दिला. यंत्राचं गाणं त्याच्या गळ्याला बाजूला ठेवतं. खरी समता हवी तर तालुक्याच्या ठिकाणी पेटी, तबला आणि शिकवणारा माणूस हवा. त्याला खर्च येतो, म्हणूनच तो विषय निघत नाही.

याचा अर्थ कृत्रिम बुद्धिमत्ता नकोच, असा नव्हे. जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी कॅसेटवर गायलेल्या एका गाण्यात आवाज आणि पियानो एकमेकांत गुंतले होते. यंत्राने ते वेगळे केले, बाकीचं वादन माणसांनी केलं, आणि २०२३ मध्ये बीटल्सचं ते गाणं बाहेर आलं. आपल्याकडच्या घासलेल्या तबकड्यांवरच्या सारंगीला खरखरीतून वर काढायला हेच तंत्र उपयोगी पडेल. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपण कधीचाच घरात घेतला. तो षड्ज धरून बसतो, सुरात येण्याचं काम गाणाऱ्यावरच राहतं. रहमान यांनी २०२४ मध्ये बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज ‘लाल सलाम’ या चित्रपटात वापरले, कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. त्यावर मतभेद असू शकतात, पण चाल रचण्याचं काम तिथे माणसानेच केलं. माझी कसोटी एवढीच : साधन वापरल्यावर गाणाऱ्यापुढे ठरवण्यासारखं काही उरतं की नाही?

म्हणून संगीत विद्यालयांनी यंत्रावर बंदी घालत बसू नये. विद्यार्थ्याने चाल बांधताना टाकून दिलेल्या चालींसह आपलं काम समोर बसून उलगडून दाखवावं, असा परीक्षेचा भाग ठेवावा. जाहिरात आणि मालिका करणाऱ्यांनी यंत्रनिर्मित संगीत वापरलं तर तसं नमूद करावं, आणि यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेल्या संगीताचा मोबदला साथीदारांपर्यंत पोहोचावा. अमेरिकेत सुनो आणि उडिओ या यंत्राने गाणी बनवून देणाऱ्या कंपन्यांवर जून २०२४ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी खटले भरले. २०२५ संपता संपता त्यांतल्या काहींनी समझोते केले. पण हे करार कंपन्यांचे कंपन्यांशी आहेत. त्या मुद्रणात मागे बसून तबला वाजवणाऱ्याचा हिस्सा किती, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. निदान आवाजावर मालकी कुणाची, याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग आणि आशा भोसले यांच्या प्रकरणांत काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. त्या पुढच्या आठवड्यात पाहू.