ट्रॅक्टर घेताना गिअरबॉक्सही विचारा

ट्रॅक्टर घ्यायला निघालेला माणूस एचपी विचारतो, हप्ता विचारतो. गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा, हे मात्र क्वचितच विचारतो.

स्लायडिंग मेशमध्ये गिअरची चाकेच सरकून एकमेकांत अडकतात. बनावट साधी, किंमत कमी. पण गिअर बदलायला ट्रॅक्टर थांबवावा लागतो. घाई केली की दाते करकरतात, झिजतात. कॉन्स्टंट मेशमध्ये चाके कायम गुंतलेली असतात, सरकतो तो फक्त मधला जोड. म्हणून आवाज कमी, दात्यांना आयुष्य जास्त. सिंक्रोमेशमध्ये जोड बसण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा होतो, त्यामुळे चालता चालता गिअर सहज पडतो.

आता हसनाबाद भागातल्या काळ्या रानाचे बघा. नांगरटीला एकदा गिअर टाकला की तास संपेपर्यंत तोच चालतो. तिथे सिंक्रोमेशसाठी जादा पैसे कशाला? कपाशीची ट्रॉली भरून जालन्याच्या रस्त्याला लागलात की मात्र गोष्ट वेगळी. उतारावर जुना गिअर निघाला आणि नवा पडलाच नाही, तर मागचे वजन ट्रॅक्टरला ढकलत नेते. इथे जिवाशी गाठ आहे. खालचा गिअर उताराआधीच टाकावा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायला तर मुळीच जाऊ नये.

रोटाव्हेटर चालवणार असाल तर ड्युअल क्लच घ्याच. पायटा अर्धा दाबला की ट्रॅक्टर थांबतो, पीटीओ फिरत राहतो. वाहतूक फार नसेल तर, माझ्या मते, कॉन्स्टंट मेश पुरे. आणि तो गिअरबॉक्स जवळचा मिस्त्री खोलतो का, हे शोरूमला जाण्याआधी त्यालाच विचारा.