बेट आंदण गेलं, माणसंही गेली

दादरला कुणाला घर सांगायचं असलं की आधी पोर्तुगीज चर्चची खूण सांगितली जाते. कबुतरखान्याकडून या, शिवाजी पार्ककडून या, खूण तीच. आजची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात बांधलेली आहे, पण मूळ चर्च फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १५९६ साली उभारलं. त्या वर्षी पोर्तुगालच्या गादीवर पोर्तुगीज राजा नव्हता. १५८० पासून १६४० पर्यंत स्पेनचे राजेच पोर्तुगालचे धनी होते. दादर-परळची भातशेती कसणारा कुणबी आणि मेक्सिकोत मक्याचं शेत राखणारा मूळ रहिवासी एकाच दुसऱ्या फिलिपची रयत होते. दोघांनाही त्याचं तोंड कधी दिसलं नसेल.

अमेरिकेतल्या मूळ समाजांवर स्पॅनिश-पोर्तुगीज राजवटीत काय गुदरलं, याची पुस्तकं आपण हळहळत वाचतो. तीच राजवट गिरगाव, माहीम, वरळी, परळवर सव्वाशेहून अधिक वर्षं होती, हे मात्र शाळेत एका ओळीत उरकतं. पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली, एवढीच ती ओळ. कुणी रिकामं ताट उचलून दुसऱ्याच्या हाती द्यावं, तशी. बेटावर कोण राहत होतं आणि आंदणात त्यांचं काय झालं, हे ती ओळ सांगत नाही.

माणसं होती आणि ती विस्कळीत नव्हती. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा आहे. मजकूर संस्कृत, पण दान मोडणाऱ्याला दिलेला शाप मराठीत. कारण उघड आहे : शाप ज्याला भिववायचा त्याला तो कळला पाहिजे. जो हे शासन मोडेल त्याच्यावर कुटुंबासकट वैद्यनाथ देवाची भाल पडो, असा त्याचा आशय. म्हणजे बाराव्या शतकात या भागात देवस्थान होतं, त्याला लावून दिलेलं उत्पन्न होतं, आणि ते बुडवू पाहणारी माणसंही असणार. परळच्याच बारादेवी भागात १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना प्रचंड शिवशिल्प निघालं, ते तर त्याहून सहाशे-सातशे वर्षं जुनं. गिरण्यांच्या भोंग्यांपलीकडे परळला इतका खोल भूतकाळ आहे, हे लालबागच्या चाळीत वाढलेल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुसरा पुरावा 'महिकावतीच्या बखरी'चा. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली संपादून छापली. तिच्यातला केशवाचार्याचा भाग १४४८ चा, बाकीचे मागचे-पुढचे. महिकावती म्हणजे माहीम. बिंब राजा आला, त्याच्याबरोबर कुळं आली, त्यांना गावं वाटून दिली गेली, असं बखर सांगते. पाठारे प्रभू आणि पाचकळशी आपलं या भूमीतलं येणं याच कथेशी जोडतात. त्यांच्या कितीतरी आधीपासून किनारा कोळ्यांचा होता आणि मुंबादेवीही त्यांचीच. भंडारी माडावर चढत, आगरी मिठागरं राखत, कुणबी खाजणाकाठची भातशेती करत. चौदाव्या शतकापासून मुसलमानी अंमल आला. माहीमला कोकणी मुसलमानांची वस्ती आणि १४३१ साली वारलेले सूफी संत मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहेच. सारा घेणारा धनी बदलत राहिला, पण गावगाडा चालू राहिला.

पोर्तुगीजांची पहिली भेट जानेवारी १५०९ची. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचं आरमार दीवच्या लढाईला निघालं होतं. वाटेत मुंबईला उतरून त्यांनी गुरं लुटली आणि झाडीत दडलेली माणसं पकडली. कामाची ठेवली, उरलेली मारली. हे पोर्तुगीजांच्याच वृत्तांतात नोंदलेलं आहे. पुढे वीस वर्षांनी आणखी एक आरमार या बेटावर थांबलं, त्यांना खाण्यापिण्याची चंगळ मिळाली आणि त्यांनी मुंबईला 'सुखी जीवनाचं बेट' म्हटलं. सुख कुणाचं, हे निराळं सांगायला नको. २३ डिसेंबर १५३४ रोजी हुमायूनच्या स्वारीनं धास्तावलेल्या गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्या ताब्यातली बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. त्या कागदावर बेटावरच्या कुणाचीही सही नाही.

मग जमिनी वाटल्या गेल्या. गाव किंवा बेट एखाद्या पोर्तुगीज खानदानी माणसाला लावून द्यायचं. त्यानं राजाला ठरलेला खंड भरायचा आणि वेळ पडली तर लढायला उभं राहायचं. कसणारा तोच राहिला, फक्त त्याच्या डोक्यावर आणखी एक जण बसला. मुंबई बेट १५५४ च्या सुमारास गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे आलं. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात आपल्या मुंबईच्या बागेतल्या दोनदा फळणाऱ्या आंब्याचं तो कौतुक करतो आणि ओघात वसई मुलखातल्या माणसांची ओळखही करून देतो : शेती करणारे कुणबी, बागा राखणारे माळी, शिपाईगिरीचे पाईक, वसुली करणारे परभू. बापाचा धंदा इथं कुणी सोडत नाही, असंही त्याचं निरीक्षण आहे. धन्याच्या नजरेतून का होईना, पण त्या काळच्या या माणसांचं वर्णन आपल्याला ओर्ताकडून मिळतं, आणि ते मोलाचं आहे.

ओर्ता स्वतः सक्तीनं ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यातला. इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या भीतीनं लिस्बन सोडून आलेला. १५६० साली तेच न्यायालय गोव्यात बसलं. तो १५६८ साली वारला, दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळलं, आणि १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. ज्याच्या नावावर अख्खी मुंबई होती, त्याच्या हाडांनाही या राजवटीनं जागा दिली नाही. हक्काचा कागद नसलेल्या कोळ्या-कुणब्यांना तिथं कुणाचा आधार असणार?

देवळांचं काय झालं, ते ठिकठिकाणच्या आठवणीत आहे. वाळकेश्वरचं जुनं देऊळ पाडलं गेलं. आजचं १७१५ च्या सुमारास रामा कामत यांनी बांधवलं. प्रभादेवीची मूर्ती विहिरीत लपवली होती, ती पुढे काढून देऊळ उभं राहिलं, अशी तिथली परंपरा, आणि तेही त्याच सुमाराचं. पोर्तुगीज अंमल जाऊन पन्नास वर्षं झाल्यावरच लोकांचा जीव भांड्यात पडला आणि देव वर आले, असं या दोन तारखांवरून मला वाटतं. परळला पाद्र्यांचा मठ उभा राहिला. पुढे इंग्रजांनी तो जप्त केला, तिथं गव्हर्नरचा बंगला झाला, आणि १८९९ पासून त्याच वास्तूत हाफकिनची प्रयोगशाळा आहे. १५५९ च्या फर्मानानं तर अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याची मुभा मिळाली. पुढे बाप वारला की आई, आजोबा हयात असतानाही मूल अनाथ ठरवायचं, ही क्रूरता कायद्याच्या भाषेत लिहिली गेली आणि ती पुण्यकर्म समजली गेली.

आता तुलना. कॅरिबियन बेटांवरचा ताइनो समाज कोलंबसानंतर अर्ध्या शतकात जवळजवळ नाहीसा झाला. मेक्सिकोत १५२० साली देवीची साथ पसरली आणि वेढा पडण्याआधीच राजधानी तेनोच्तित्लान खचली. वरळीचा कोळी मात्र आजही वरळीला आहे. यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की इथली राजवट सौम्य होती. मला तो मान्य नाही. १५०० साली ब्राझीलचा किनारा गाठणारं काब्रालचं आरमार तसंच पुढे कालिकतला आलं; तीच माणसं, तीच फर्मानं, तोच धर्मोत्साह. फरक दोन गोष्टींनी पडला. पहिली, देवी आणि गोवर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होते, त्यामुळे आल्या आल्या साथींनी गावंच्या गावं ओस पडली नाहीत. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते : खाडी. पोर्तुगीजांचा मुलूख किनाऱ्याची चिंचोळी पट्टी होता. पलीकडे कल्याण, पनवेल, आधी निजामशाही, मग आदिलशाही आणि मराठे. जुलूम असह्य झाला की रात्रीच्या भरतीला होडी घालून माणूस दुसऱ्या राज्यात जाऊ शकत होता.

राजवाड्यांनी बखरीच्या प्रस्तावनेत कोकणातल्या लोकांना राज्यकारभाराविषयी उदासीन ठरवलं आहे. अन्न सहज मिळे, म्हणून राजा कोण याची कुणाला फिकीर नव्हती, असा त्यांचा सूर. राजवाड्यांच्या ऋणात राहूनही इथं त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. ज्याच्या हातात तलवार नाही, त्याचं निघून जाणं हेच राजकारण असतं. आणि ते किती झोंबत होतं, याची साक्ष एका करारात आहे.

१६६१ साली इंग्लंडचा चार्ल्स राजा आणि पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरिन यांचा विवाहकरार झाला आणि मुंबई आंदणात गेली. ताबा मिळायला १८ फेब्रुवारी १६६५ उजाडला. तेव्हाची बेटाची मालकीण दोना इग्नेस द मिरांडा. तिच्या वाड्यात कागद झाले, इंग्रजांच्या वतीनं हम्फ्री कुकनं मूठभर माती आणि दगड हातात घेतले, बुरुजावरून फिरला आणि मुंबई इंग्रजांची झाली. पण त्याआधी जानेवारीत पोर्तुगीजांनी कुककडून कलमं लिहून घेतली होती. त्यांतलं एक असं : पोर्तुगीज गावांतल्या कुणबी, भंडारी आणि इतर लोकांना मुंबईत थारा देऊ नये, कुणी आलाच तर त्याला ताबडतोब आपापल्या धन्याच्या हवाली करावं. दोन युरोपीय राजांमधल्या व्यवहारात कुणबी-भंडाऱ्यांचा उल्लेख येतो तो असा, परत करायच्या वस्तूसारखा. स्पेननं अमेरिकेत एन्कोमिएन्दा म्हणून जी पद्धत चालवली, तिच्यात गावासोबत गावकऱ्यांची मेहनत धन्याला लावून दिलेली असे. नाव वेगळं, कायदा वेगळा, पण वेठीचा अर्थ इथंही तोच होता.

कलम टिकलं नाही. इंग्रजांना माणसं हवी होती. ओहोटीला मुंबईतून माहीमला चालत जाता येतं, तेव्हा ते एकच बेट, असा युक्तिवाद करून कुकनं माहीमही घेतलं आणि त्याच्या पोटातले परळ, दादर, शीव आपसूक आले. १६६१ मध्ये दहा हजारांच्या घरात असलेली वस्ती १६७५ पर्यंत साठ हजारांवर गेल्याचा अंदाज आहे. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, ओघ खरा. त्याच भंडाऱ्यांची ईस्ट इंडिया कंपनीनं बेटाच्या रक्षणासाठी फौज उभी केली. जमिनीचा निवाडा मात्र कसणाऱ्याच्या बाजूनं लागला नाही. १६७२ साली गव्हर्नर ऑन्जियरनं जमीनधारकांशी करार केला : सगळ्यांनी मिळून वर्षाला वीस हजार शेराफिन भरावेत, जमिनी त्यांच्या कायम. मुंबईतल्या जमीनमालकीचा पाया इथं पक्का झाला. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट या गिरगावच्या पत्त्यांत बागा-शेतं अजून शाबूत आहेत. ती कसणाऱ्यांची नावं दप्तरात नाहीत.

आणि ज्यांनी धर्म बदलला, त्यांचं? काळबादेवीमागच्या कावेलचे कोळी ख्रिस्ती झाले. किल्ल्यासमोरच्या मैदानावरचं त्यांचं एस्पेरान्साचं चर्च इंग्रजांनी १७६०च्या सुमारास पाडलं आणि ते भुलेश्वरला उभं राहिलं. मुंबादेवीचं बोरीबंदरजवळचं जुनं स्थानही अठराव्या शतकात हलून त्याच भागात आलं. बाटलेला आणि न बाटलेला, दोघांच्या दैवतांना किल्ल्यासमोरचं मैदान मोकळं करून द्यावं लागलं आणि दोघंही भुलेश्वरात शेजारी झाले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्त्यांहून आपण इथले, हे सरकारला कळावं म्हणून. त्यांची घरातली बोली मराठी, लग्नाआधी विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणण्याची रीत, ऑक्टोबरात भाताची पहिली कणसं चर्चमध्ये नेऊन आगेरा साजरा करणं. खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यांचे फोटो काढणाऱ्यांनी या रीतींकडेही पाहावं. कुणबी, कोळी, भंडारी हे भेद त्यांच्यात धर्मांतरानंतरही टिकले, हेही लपवू नये. चर्चनं वेदी बदलली, जात तशीच ठेवली.

कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या हद्दी नेमक्या कुठवर, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. सागरी मार्गाचा पूल उभा राहत असताना वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी होड्या अडवू नका म्हणून काम रोखलं. खांबांमधलं अंतर १६० मीटर हवं, ही त्यांची मागणी. कोणत्या वाऱ्यात, कोणत्या भरतीला होडी खांबावर आपटेल, हे ते बैठकांमधून समजावून सांगत राहिले. अखेर एक खांब वगळून १२० मीटरचा गाळा मान्य झाला. या वेळच्या कागदावर बेटावरच्या माणसांचं म्हणणं निदान नोंदलं गेलं.