शेजाऱ्याच्या शब्दावर चालणारी वाट

४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप गप्प झाले, ते साधारण सहा तास. फोन बंद करून पुन्हा चालू करणाऱ्यांत मीही होतो. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली होती. मागचा संपर्क गेला हे पाहून कंपनीचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी ‘आमच्याकडे यायची वाट इथून आहे’ ही जगाला दिलेली घोषणाच मागे घेतली. यंत्रे शाबूत होती. त्यांच्यापर्यंतची वाट कोणालाच ठाऊक उरली नाही.

ही घोषणा ज्या भाषेत होते तिला बीजीपी म्हणतात. १९८९ साली ऑस्टिनमध्ये जेवता जेवता कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी तिचा आराखडा कागदी रुमालांवर मांडला. राउटर शेजाऱ्याला सांगतो, अमुक पत्त्यापर्यंत मी पोचवतो आणि मध्ये ही ही जाळी लागतात. शेजारी ते खरे मानतो, त्यात आपल्या जाळ्याचा क्रमांक जोडतो आणि पुढे सांगतो. आलेल्या यादीत स्वतःचाच क्रमांक दिसला तर ती वाट टाकून देतो, नाहीतर निरोप गोल गोल फिरत राहायचा. पूर्ण नकाशा कोणाकडेच नसतो.

मोठ्या डेटा सेंटरांनी हीच भाषा घरातही आणली. तिथे राउटर म्हणजे लोखंडी पेटीच असते असे नाही; एका यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने घडवलेले अनेक संगणक आणि राउटर नांदतात.

मी हे शिकलो घरच्या जुन्या संगणकावर, एफआरआर ही मोफत मिळणारी प्रणाली घालून. तीन आभासी राउटर केले. खासगी वापरासाठी राखलेल्या ६४५१२ ते ६५५३४ यांतले क्रमांक त्यांना दिले, कोणाचा शेजारी कोण ते लिहिले. ओळख पटली, बोलणे सुरू झाले, पण वाट एकही येईना. दोन संध्याकाळी मी पत्तेच तपासत बसलो. वाटांचा आकडा यायचा त्या जागी ‘पॉलिसी’ हा शब्द होता आणि तो वाचूनही मी सोडून देत होतो! २०१७च्या आरएफसी ८२१२ या दस्तऐवजाने नियम घातला आहे: परक्या जाळ्यातल्या शेजाऱ्याकडून काय घ्यायचे आणि त्याला काय द्यायचे, हे लिहिल्याशिवाय देवघेव नको.

गंमत अशी, की एफआरआरमध्ये ‘डेटासेंटर’ हा तयार साचा निवडला तर ही अट आपोआप उठते. घरचेच शेजारी, त्यांच्यावर कसला संशय, असा विचार असावा. मला तो पटत नाही. अशा याद्यांनी फेसबुकची ती रात्र टळली असती असे नव्हे. पण ती आज्ञाही घरातूनच गेली होती.

त्या साच्यातली दुसरी गोष्ट मात्र मी घेतली. मधला राउटर मी एकदा न सांगता बंद पाडला. खरी तार निघाली असती तर शेजाऱ्याला लगेच कळले असते. आभासी तार मात्र पलीकडचा मेला तरी जोडलेलीच दिसते. नेहमीच्या मांडणीत शेजारी शेवटच्या निरोपानंतर १८० सेकंद वाट पाहतो, आणि तोवर सगळा माल त्या मेलेल्याच्या दारात टाकत राहतो. साच्यात दर ३ सेकंदांनी खुशाली कळवायची असते आणि ९ सेकंद शांतता झाली की वाट बदलायची.

आता माझ्या तिन्ही राउटरांवर मुदत ९ सेकंदांची आहे आणि कोणाचे काय घ्यायचे याची यादी हाताने लिहिलेली.