संगणकीय कार्यप्रवाहाचा प्रारंभ आणि रद्दीकरण

संगणकीय कार्यप्रवाह म्हणजे ठरलेल्या क्रमाने आपोआप पार पडणाऱ्या, परस्परावलंबी संगणकीय कामांची साखळी होय. ही साखळी सुरू करण्यास प्रारंभ आणि रांगेतील वा चालू कामे थांबवण्यास रद्दीकरण म्हणतात. रद्दीकरणाने पुढचे काम थांबते, झालेले काम पुसले जात नाही. सावदा स्थानकावरून केळीची गाडी सुटल्यावर मागणी रद्द केली, तरी घड बागेत परतत नाहीत. तसेच हे आहे.

हवामान अंदाजाचे उदाहरण

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्का’ हे महासंगणक राष्ट्रास अर्पण झाले. जून २०१८ पासून भारतात वापरात आलेल्या समूह-अंदाज प्रणालीत किंचित वेगळ्या आरंभस्थितींपासून एकच गणित २१ वेळा केले जाते. निरीक्षणे गोळा करणे, ती तपासणे, आरंभस्थिती ठरवणे, २१ गणिते आणि शेवटी नकाशे, असा हा प्रवाह असतो. रावेर तालुक्यातील केळी बागायतदाराला मिळणारा वादळी वाऱ्याचा इशारा अशाच साखळीच्या टोकाशी तयार होतो. घडाने लादलेली बाग आडवी झाली तर वर्षाचे उत्पन्न जाते. म्हणून साखळी कुठे तुटली, हे वेळेत कळणे महत्त्वाचे.

प्रारंभ

प्रवाह माणसाच्या आज्ञेने, घड्याळाच्या वेळेने किंवा नवी माहिती दाखल होताच सुरू होतो. सामायिक महासंगणकावर काम थेट चालवता येत नाही. किती नोड, किती स्मृती व किती वेळ हवा, हे नमूद करून ते रांगेत द्यावे लागते. स्लर्म या प्रणालीत त्यासाठी ‘एसबॅच’, तर पीबीएसमध्ये ‘क्यूसब’ ही आज्ञा आहे. उत्तरादाखल कामाचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा, कारण रद्द करताना तोच लागतो. उत्तर येण्यास उशीर झाला म्हणून तीच आज्ञा पुन्हा देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. मग दोन प्रवाह एकाच फाइलीवर लिहू लागतात.

रद्दीकरण

रांगेतले काम रद्द करणे सोपे असते. चालू कामाला मात्र स्लर्मची ‘एसकॅन्सल’ आज्ञा प्रथम आवरते घेण्याचा संकेत पाठवते. एरवी त्यानंतर ३० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात काम संपले नाही, तर अडवता न येणारा संकेत देऊन ते बंद केले जाते. या मुदतीत आज्ञावलीने तात्पुरत्या फाइली आवराव्यात, अशी अपेक्षा असते. तासन्‌तास चालणारी गणिते ठरावीक अंतराने आपली स्थिती जतन करतात, म्हणजे पुढे तेथून आरंभ करता येतो.

खरा धोका अर्धवट फाइलीचा. पुढचे काम केवळ ‘फाइल आहे का’ एवढेच पाहत असेल, तर तुटक आकडे पूर्ण समजून ते नकाशा काढते आणि कोठेही चुकीची सूचना उमटत नाही. म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलतात.

रद्द केलेल्या कामावर अवलंबून असलेली कामे आपोआप नाहीशी होतीलच असे नाही. यशाची अट घातलेले काम स्लर्ममध्ये, वेगळी सोय केली नसल्यास, कधीच पूर्ण न होणाऱ्या अटीसह रांगेत पडून राहते. २१ पैकी एक गणित रद्द झाले तर उरलेल्या २० ची सरासरी काढता येते, पण तशी नोंद अंदाजासोबत जायला हवी. प्रवाहाच्या शेवटी इशाऱ्याचे लघुसंदेश गेले असतील, तर ते कोणत्याही आज्ञेने परत येत नाहीत. सुधारित इशारा नव्याने पाठवावा लागतो.