एरी सरोवर गोठण्याआधी

थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझे धाकटे दीर क्लीव्हलंडहून सहकुटुंब आमच्याकडे येतात. आम्ही अमेरिकेतल्या बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कमध्ये राहतो. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, आय-९० रस्ता झकास, तीन तासांत माणूस दारात. पण नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की जाऊबाईंना मी फोनवर आधी हेच बजावते, की यायचा दिवस आत्ताच पक्का करू नका. ‘‘अहो वहिनी, इथं तर लख्ख ऊन पडलंय,’’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. क्लीव्हलंडच्या उन्हावरून आमच्या दारातल्या हवेचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यांनाही आता ठाऊक झालंय. तरी म्हणतातच.

नव्यानं आलेल्यांना वाटतं, बर्फाचं भय जानेवारीत. कडाक्याची थंडी जानेवारीत असते, हे खरं. पण आमच्याकडे रस्ते गाडून टाकणारा बर्फ बऱ्याचदा नोव्हेंबर-डिसेंबरातच पडून जातो, आणि त्याला नुसती थंडी पुरत नाही. त्याला लागते सरोवराची ऊब.

एरी हे पाच ग्रेट लेक्समधलं सगळ्यात उथळ सरोवर. सरासरी खोली साधारण १९ मीटर. उन्हाळ्यात ते चांगलं तापतं, आणि नोव्हेंबरच्या मध्यात हवा शून्याखाली गेली तरी पाणी नऊ-दहा अंश सेल्सियसवर रेंगाळत असतं. कॅनडाकडून उतरलेली कोरडी, गारठलेली हवा त्यावरून वाहू लागली की पाण्यातली ऊब आणि बाष्प उचलत जाते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंशांच्या आसपास फरक पडला की ढग उभे राहायला लागतात. सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जवळजवळ ३९० किलोमीटर पसरलंय आणि बफेलो त्याच्या ईशान्य टोकाला. वारा नेमका त्या लांबीवरून आला, की सगळं बाष्प एका अरुंद पट्ट्यात गोळा होतं. इथले लोक त्याला ‘बँड’ म्हणतात. बँडखाली तासाला दोन-तीन इंच बर्फ, मधूनच विजांचा कडकडाट. आणि पंधरा-वीस किलोमीटरवर लोक गॉगल लावून हिंडतायत. वाऱ्याची दिशा जराशी बदलली की बँड सरकतो आणि सकाळी हसणारे संध्याकाळी फावडं शोधतात. बहुतेक वर्षी फेब्रुवारीपर्यंत सरोवराचा बराचसा भाग गोठतो, बाष्प मिळेनासं होतं, आणि हा कारखाना बंद पडतो. म्हणून आम्ही गोठलेल्या सरोवराला घाबरत नाही, न गोठलेल्याला घाबरतो.

या उबेचे उपकारही आहेत बरं का. मी तासगावची, द्राक्षबागेतच वाढले. आय-९०वरून पहिल्यांदा जाताना एरी शहराच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे दिसले, तेव्हा मी यजमानांना गाडी थांबवायला लावली होती. काळसर कॉनकॉर्ड द्राक्षं. जास्त करून रसाला आणि जेलीला जातात. (चव आमच्या सोनाकाच्या पासंगालाही पुरत नाही, पण ते असो.) शरदात सरोवर या काठावर लवकर हिव पडू देत नाही, म्हणून ती पिकतात. काढणी ऑक्टोबरात उरकते, आणि मग त्याच उबेचा बर्फ होऊन आमच्या रस्त्यावर पडायला लागतो.

२०१४ साली थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात असा एक बँड आमच्या गावांवर ठाण मांडून बसला. बफेलोच्या उत्तरेला जेमतेम काही इंच, दक्षिणेच्या नि पूर्वेच्या गावांत पाच फूट आणि वर. थ्रूवे महामार्गावर गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. नायगारा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या मुली तीसेक तास बसमध्ये अडकून पडल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा तेच. ऑर्चर्ड पार्कचा आकडा ऐंशी इंचांच्या घरात गेला. आमच्या गावातल्या स्टेडियमवरचा बिल्स या फुटबॉल संघाचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला. इथली दारं आत उघडतात. सकाळी दार ओढलं तर समोर छातीपर्यंत बर्फाची भिंत, आणि तिच्यावर दाराच्या चौकटींचा नि कडीचा स्वच्छ उलटा ठसा. ड्राइव्हवे कुठे आहे हे कळावं म्हणून आम्ही नोव्हेंबर लागताच कडेला केशरी काठ्या रोवतो. त्या दिवशी त्या काठ्याच दिसत नव्हत्या.

पाच आठवड्यांनी, ऐन नाताळात, जे आलं ते याहून जीवघेणं होतं. २३ डिसेंबर २०२२ला हवेचा दाब झपाट्यानं कोसळून तयार झालेलं प्रचंड वादळ आणि त्यात उघडं सरोवर. स्वतःचा हात दिसू नये असा व्हाइटआउट दीड दिवस राहिला. प्रशासनानं वाहनबंदी जाहीर केली तेव्हा कितीतरी लोक आधीच रस्त्यावर होते. आमच्या एरी काउंटीत ४७ माणसं गेली. काही गाडीत, काही गाडी सोडून चालत निघालेली.

माझं स्पष्ट मत आहे, की सणासुदीला लोक असे अडकतात यात हवेइतकाच कॅलेंडरचा दोष आहे. १९४१च्या कायद्यानं थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी बांधलं, म्हणजे दरवर्षी २२ ते २८च्या मध्ये. सरोवर अजून कोमट, हवा नुकतीच गारठलेली, आणि अख्खा देश रस्त्यावर! २०२४ साली बुधवारी लोक बिनधास्त आले, गुरुवारी जेवले, आणि शुक्रवारी बँड सुरू झाला. पेनसिल्व्हेनियात आय-९०चा काही भाग बंद करावा लागला. जाताना कुणी अडकलं नाही, परतताना अडकले. आणि त्याच रविवारी, १ डिसेंबरला, देशभरच्या विमानतळांवर एका दिवसात ३० लाखांहून जास्त प्रवाशांची तपासणी झाली. तोवरचा तो उच्चांक होता.

विमानानं गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. बर्फ पडत असेल तर उड्डाणाआधी पंखांवर केशरी रंगाचा गरम द्रव मारून बर्फ वितळवतात, मग नवा चिकटू नये म्हणून हिरवा, दाट द्रव. माझ्या सासऱ्यांनी खिडकीतून बघून विचारलं होतं, ‘‘हे आत्ता रंगवायला कशाला घेतलंय?’’ हिरव्या द्रवाचा असर ठरावीक मिनिटंच टिकतो. तेवढ्यात उड्डाण झालं नाही तर सगळं पहिल्यापासून. त्यात वैमानिकांचे कामाचे तास संपले की विमान जागेवरच. २०२२च्या नाताळात साउथवेस्ट कंपनीची जवळपास १७ हजार उड्डाणं रद्द झाली. वादळ निमित्त होतं; कोणता कर्मचारी कुठे अडकलाय याचा मेळ घालणारी यंत्रणाच कोलमडली होती. सरकारनं पुढच्या वर्षी कंपनीला १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

आमच्या गाडीत नोव्हेंबरपासून फावडं, दोन रग, पाणी, चार्जर आणि चिवड्याचा डबा असतो. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डिकीत मावत नाही: गाडी बर्फात अडकली तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं, मगच इंजिन चालू करायचं, तेही तासातून दहाएक मिनिटं, खिडकी बोटभर उघडी ठेवून. धूर आत कोंडला तर कार्बन मोनॉक्साइडचा ना वास येतो ना रंग दिसतो. आणि गाडी सोडून चालत निघायचं नाही.

आमच्या घरी थँक्सगिव्हिंग कधी शनिवारी होतं, एकदा पुढच्या आठवड्यात झालं. पुरणपोळी गुरुवारीच गोड लागते असं काही नाही.

महाराष्ट्रातल्या आईवडिलांना एक विनंती. डिसेंबरात इकडे येणार असाल, तर अमेरिकेतलं शेवटचं विमान शक्यतो सकाळचं घ्या, आणि औषधं नि जाड जाकीट हातातल्या बॅगेत ठेवा. मुलं इथे सणासुदीला गाडीनं निघणार असतील, तर ‘‘सगळे वाट बघत असतील, वेळेवर पोचा’’ असं फोनवर म्हणू नका. ‘‘एक दिवस उशिरा जा’’ हे आमच्यासारख्यांनी सांगून त्यांना पटत नाही, तुम्ही सांगा.