ट्रायकोग्रामा : अंड्याची पारख करणारी माशी

गांधीलमाशीच्या गोत्रातील ट्रायकोग्रामा ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची असते. ती माणसाला दंश करीत नाही. ती आपली अंडी पतंगांच्या अंड्यांत घालते. तिच्या अळ्या त्या अंड्यातील द्रव्यावर पोसल्या जातात आणि पिकाचा नाश करणारी अळी जन्मासच येत नाही. या चिमुकल्या जीवाची निवड करण्याची रीत आम्ही विद्यार्थी व शेतकरी पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

अंडे सापडताच मादी त्यावर चढते आणि शृंगिकांनी ते चाचपीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालते. या पहिल्या फेरीस लागणाऱ्या वेळावरून तिला अंड्याच्या आकारमानाचा अंदाज येतो. मोठ्या अंड्यात ती अधिक अंडी घालते, लहान अंड्यात कमी. आतील अन्न ठरलेले असते. खाणारी तोंडे वाढली, तर पिल्ले खुरटतात किंवा मरतात.

परंतु अंड्यात दुसऱ्या मादीने आधीच अंडी घातली असतील तर? केंब्रिजचे कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. अंड्यावरून चालताना मादी तेथे आपला गंध ठेवते. मागून येणारी मादी तो ओळखून बहुधा निघून जाते. अशी अंडी पाण्याने धुतली, तेव्हा माश्या फसल्या व त्यांनी अंडी घालण्याची नळी आत खुपसली. तथापि आतील बदल जाणवताच त्या बहुधा अंडी न घालताच परतल्या. म्हणजे परीक्षा दुहेरी आहे. आधी बाहेरून, मग आतून.

महाराष्ट्रात ऊस व कापूस या पिकांत हीच माशी ‘ट्रायकोकार्ड’च्या रूपाने सोडली जाते. प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांत तिची वाढ करतात आणि ती अंडी चिकटवलेल्या कार्डाचे तुकडे पानांच्या खालच्या बाजूस लावतात. मात्र त्याच सुमारास विषारी कीटकनाशक फवारले, तर किडीबरोबर ही माशीही मरते आणि कार्डाचा खर्च वाया जातो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत. माशीने अंडी घातलेली किडीची अंडी काही दिवसांत काळी पडतात. ती दिसली, तर आपले काम कोणीतरी आधीच हाती घेतले आहे, असे समजावे.